गडी म्हणजे कोण?

रेडिओला कान लावून ज्यांनी क्रिकेट ऐकलं, त्यांच्या डोक्यात एक वाक्य कायमचं बसलेलं असतं : 'तिसरा गडी बाद झाला.' पुण्याच्या बाळ ज. पंडितांसारख्या माणसांनी या खेळाला मराठी बोलायला शिकवलं आणि आमच्यासारख्या घरांतही, जिथं अम्मी दखनीत बोलायची, गडी मराठीतच बाद व्हायचे. पुढं कविता करू लागले तेव्हा या शब्दापाशी मी बऱ्याचदा अडखळले. गडी म्हणजे खेळाडू, हे खरंच. पण गडी म्हणजे पुरुषसुद्धा. खेड-चाकणच्या बाजूला शेतात मजूर लावायचे तर आधी हिशेब ठरतो : गड्याची मजुरी इतकी, बाईची तितकी. बाईची नेहमी कमी. मग बायकांच्या सामन्यात जेव्हा चौथा गडी बाद होतो, तेव्हा नेमकं कोण बाद होतं?

गंमत अशी, की बाकीचे शब्द मोकळे आहेत. गोलंदाज हा शब्द तोफखान्यातून आला. गोला टाकणारा तो गोलंदाज. त्यातलं 'अंदाज' फारसीतलं, फेकणं या अर्थाचं. फळीवरून त्याच साच्यात फलंदाज बनला. या शब्दांना ना मिशी आहे, ना बांगडी. तो फलंदाज, ती फलंदाज. इंग्रजीला मात्र आपल्या शब्दातला पुरुष काढून टाकायला २०२१ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी लंडनच्या एमसीसीने नियमावलीत 'बॅट्समन'च्या जागी 'बॅटर' घातलं. आपल्याला ती गरजच नव्हती. आपला सगळा पुरुष त्या एका 'गडी'त दडून बसलेला आहे.

हे आठवायला कारण घडलं. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मोशीत, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेच्या चहाच्या टपरीवर एकच विषय होता. पहिल्या पाळीहून परतलेला एक जण मला म्हणाला, "भाभी, आता या पोरींना गड्यांच्या टीममध्ये घ्या की! होऊन जाऊ द्या." दुसरा म्हणाला, "बुमराहसमोर उभी राहील का एक तरी?" सगळे हसले. मीही हसले. पण प्रश्न टपरीवरचा असला तरी थिल्लर नाही. पुरुषांच्या वरच्या दर्जाच्या संघात बाई खेळू शकेल का? याचं उत्तर देण्याआधी आपल्याच मुलखात कोणाला कोणत्या संघात खेळू दिलं गेलं, ते पाहायला हवं. तो इतिहास फार बोलका आहे.

मुंबईत एके काळी संघ धर्मावर ठरत. आधी युरोपियन विरुद्ध पारशी. १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुस्लिम, आणि १९३७ मध्ये ख्रिस्ती वगैरे उरलेल्यांचा 'द रेस्ट' नावाचा पाचवा संघ. 'उरलेले' हे नावच पाहा! ही पंचरंगी स्पर्धा १९४६ पर्यंत चालली. हजारोंची गर्दी होई. आणि त्या गर्दीतल्या बहुतेकांना ही विभागणी निसर्गानेच केली आहे असं वाटत असणार. पारशी मुलगा हिंदूंच्या संघात कसा खेळेल? हा प्रश्न त्या काळी जितका वेडगळ, तितकाच आज त्याच्या उलटा प्रश्न वेडगळ वाटतो.

त्या हिंदू संघाच्या आतही आणखी एक भिंत होती. पळवणकर बाळू. १८७६ साली धारवाडला जन्म, चर्मकार समाज, आणि पुण्यात क्रिकेट क्लबवर खेळपट्टी लाटायचं, जाळ्या बांधायचं काम. पुण्याच्या क्लबात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा माणूस देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. साहेबांनी त्याला तासन्‌तास गोलंदाजी करू दिली; फलंदाजी क्वचितच. पुढं हिंदूंच्या संघाने त्याला घेतलं, कारण त्याच्याशिवाय जिंकता येईना. पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा पीत उभा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

बाळूची कथा मी इथं मुद्दाम आणते. मैदान आणि पॅव्हेलियन या दोन वेगळ्या जागा आहेत हे ती शिकवते. चेंडू टाकायला बोलावतील, चहाला बोलावतील असं नाही. १९८६ मध्ये भारताचा महिला संघ इंग्लंडला गेला तेव्हा मुंबईच्या डायना एडलजींना लॉर्ड्‌सच्या पॅव्हेलियनमध्ये शिरू दिलं नाही. देशाच्या संघातून खेळायला आलेली ही बाई, पण बाईच. डायनाबाईंनी तिथल्या तिथं सुनावलं, की एमसीसीने आपलं नाव बदलून एमसीपी करावं. म्हणजे पुरुषी अहंकारी डुकरं! त्या क्लबने बायकांना सभासद करून घ्यायला मान्यता दिली ती १९९८ मध्ये, स्थापनेनंतर २११ वर्षांनी. या डायनाबाई लहानपणी मुंबईच्या बधवार पार्कच्या रेल्वे वसाहतीत मुलांबरोबर टेनिस बॉलने खेळत मोठ्या झाल्या होत्या, हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता बायकांच्या संघाकडे येऊ. १९६९ मध्ये मुंबईत आलू बमजी नावाच्या बाईंनी 'आल्बीज' हा मुलींचा क्लब काढला. १९७३ मध्ये लखनौला भारतीय महिला क्रिकेट संघटना नोंदली गेली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती कुठं? आपल्या पुण्यात. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. वर्ष संपायच्या आत वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली तेव्हा संघ आठ झाले होते, कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेला चौदा. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालचा महिला संघ भारतात आला, त्यातला एक सामनाही पुण्यात झाला. बायकांच्या क्रिकेटचा पहिला उंबरा पुण्याचा, ही गोष्ट पुणेकर सहसा सांगत नाहीत. एरवी सगळं सांगतात.

त्याच पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी. लेगस्पिनर. १९७६ मध्ये बंगलोरला वेस्ट इंडीजविरुद्ध भारतीय महिलांचा पहिला कसोटी सामना झाला, त्यात सतरा वर्षांच्या या मुलीने पदार्पणातच एका डावात पाच बळी टिपले. १९८५ मध्ये अर्जुन पुरस्कार. पण त्या पिढीचं जगणं कसं होतं? आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास, शाळा-धर्मशाळांच्या जमिनीवर अंथरूण, आणि साऱ्या संघात मिळून दोन-तीन चांगल्या बॅटी. १९८२ च्या न्यूझीलंडमधल्या विश्वचषकाला जायचं तर प्रत्येकीने दहा हजार रुपये आणा, असं सांगितलं गेलं. देशासाठी खेळायला जाण्याचं भाडं! २००६ मध्ये महिला संघटना क्रिकेट मंडळात विलीन झाली, त्या वेळी संघटनेच्या सचिव शुभांगीबाईच होत्या.

आता सांगा, १९७३ साली पुण्यात जमलेल्या त्या मुलींनी "आम्हाला पुरुषांच्या रणजी संघात घ्या" अशी मागणी केली असती, तर काय झालं असतं? वर्तमानपत्रात एक चौकट आली असती, थोडी टिंगल झाली असती, आणि मुली घरी गेल्या असत्या. त्यांनी स्वतःचा संघ मागितला. तीन संघांचा असेल, पण आपला. माझ्या मते ती त्या पिढीची सर्वांत शहाणी चाल होती. सगळ्यांना समान दार उघडलं असं म्हणून मुलींसाठी एकच सामाईक संघ ठेवला असता, तर त्या संघात आज एकही मुलगी नसती, आणि दार मात्र उघडं असल्याचा दाखला सगळ्यांकडे असता.

पण म्हणून दार बंद ठेवावं असंही नाही. याचं उत्तर क्रिकेटने नाही, बुद्धिबळाने दिलं, आणि तेही एका मराठी मुलीमुळे. मुंबईची रोहिणी खाडिलकर, 'नवाकाळ'च्या नीळकंठ खाडिलकरांची कन्या. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही बहिणी बुद्धिबळपटू. १९७६ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी, रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि तिने काही राज्यविजेत्यांना हरवलं. मग गदारोळ. हरण्याचं दुःख एक वेळ पचतं. पोरीकडून हरण्याचं पचत नाही. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी निर्वाळा दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना ती स्त्री आहे म्हणून वगळता येणार नाही. बुद्धिबळात स्त्रियांच्या वेगळ्या स्पर्धाही राहिल्या आणि खुल्या स्पर्धा खरोखर खुल्या झाल्या. दोन्ही. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. त्या किताबात पुरुष-बाई असा भेद नाही. तो एकच आहे.

तुम्ही म्हणाल, बुद्धिबळात दंड लागत नाहीत. बरोबर आहे, आणि इथं मला माझ्या काही मैत्रिणींचा रोष पत्करून बोलावं लागतं. शरीराचा फरक ही पुरुषांनी रचलेली अफवा नाही. टपरीवरच्या त्या माणसाचा बुमराहचा प्रश्न हिशेबानेच सोडवू. चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत साधारण अठरा मीटर. ताशी १४५ किलोमीटरने आला, तर फलंदाजाला ०.४५ सेकंद मिळतात. १२० ने आला, तर ०.५४. एक दशांश सेकंदाचाही फरक नाही, पण त्या फटीत सगळं क्रिकेट राहतं. ताशी १३० ची रेषा बाईने ओलांडल्याची पहिली नोंद मार्च २०२४ ची : दक्षिण आफ्रिकेची शबनिम इस्माईल, मुंबई इंडियन्सकडून खेळताना, १३२.१. पुरुषांमध्ये शोएब अख्तरने २००३ मध्येच १६१.३ गाठलं होतं. चेंडूही वेगळा. पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा, बायकांचा १४० ते १५१ ग्रॅमचा. आमच्या सराफी भाषेत सांगायचं तर सव्वा तोळ्याच्या आसपास हलका. सीमारेषाही जवळ : बायकांसाठी जास्तीत जास्त ६४ मीटर, पुरुषांसाठी ८२ पर्यंत. बाईने पुरुषांच्या संघात खेळायचं म्हणजे वजनदार चेंडू, लांब सीमारेषा आणि कमी वेळ, तिन्ही एकदम.

पण क्रिकेट म्हणजे केवळ वेग असता, तर बाळू पळवणकर कोण लागून गेला होता? फिरकीला मनगट आणि कावा लागतो. यष्टिरक्षणाला डोळे, हात आणि गुडघे. म्हणूनच जगात जिथं जिथं बायका पुरुषांच्या चांगल्या संघात शिरल्या, तिथं बहुधा याच वाटांनी किंवा नेमक्या टप्प्याच्या जोरावर शिरल्या. इंग्लंडची यष्टिरक्षक सारा टेलर २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या क्लब सामन्यात खेळली. त्याच वर्षी केट क्रॉस लँकेशरच्या पुरुषांच्या लीगमध्ये हेवूडकडून उतरली आणि एका सामन्यात ४७ धावांत ८ बळी घेऊन बसली. त्याआधी २०११ मध्ये ॲरन ब्रिंडलने लिंकनशरच्या लीगमध्ये पुरुषांच्या गोलंदाजीवर शतक ठोकलं होतं. आणि १९९४ चा सिडनीचा तो प्रदर्शनी सामना! ऑस्ट्रेलियाच्या झो गॉसने चक्क ब्रायन लाराला यष्टिचीत करवलं. लारा त्या वर्षी ३७५ आणि ५०१ करून बसलेला होता, ही त्यातली खरी मजा. मात्र या साऱ्या क्लबच्या आणि मैत्रीच्या सामन्यांच्या कथा आहेत; पुरुषांच्या कसोटी संघात आजवर एकही बाई खेळलेली नाही. माझा अंदाज, पहिली येईल ती फिरकीपटू असेल. वेगवान गोलंदाज नक्की नसेल.

आणि वरच्या दर्जाचा तो पुरुषांचा संघ पुरुषांना तरी कुठं सहज मिळतो? नवी मुंबईत जिंकलेल्या आपल्या मुलींचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. १९८८ च्या हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि विनोद ६६४ धावांची भागी रचत होते, तेव्हा पॅड बांधून बाहेर बसलेला पुढचा फलंदाज तो हाच. १९९४ मध्ये रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, आणि भारतीय संघात एकदाही नाही. गडी असूनही!

त्या पोरींमध्ये आपल्या किती होत्या, ते पाहा. सांगलीची स्मृती मानधना : भाऊ श्रवण महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालच्या संघात, त्याच्या मागे मागे ही मैदानावर. नवव्या वर्षी राज्याच्या पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात. २०१३ मध्ये वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४, आणि तेही राहुल द्रविडकडून भावाला मिळालेल्या बॅटने. वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज : दोन मोठे भाऊ, तेच तिचे पहिले गोलंदाज. २०१७ मध्ये औरंगाबादला सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२, आणि ३० ऑक्टोबर २०२५ च्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७. हरियाणाच्या शफाली वर्माचे तर वडिलांनी केस कापले, कारण अकादमीत मुलींना घेत नव्हते; अंतिम सामन्यात तिने ८७ केल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची किरण नवगिरे मैदानी खेळांतून आली, पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये घडली, आणि २०२२ मध्ये नागालँडकडून टी-ट्वेंटीत नाबाद १६२ करून गेली. डायनाबाईंपासून शफालीपर्यंत एक धागा सरळ दिसतो : मुलांमध्ये खेळून ती तयार झाली आणि मुलींच्या संघातून मोठी झाली.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी, वय चौदा, लेगस्पिन टाकते. वडील चाकणला कंपनीत. मोशीत मोकळ्या प्लॉटवर रविवारी सामने होतात, तिथं मुलांच्या संघात ती बिनबोभाट खेळत होती. गेल्या हिवाळ्यात एका स्पर्धेत तिला नाव देऊ दिलं नाही. "उद्या पोरीला लागलं तर जबाबदार कोण?" असं म्हणाले. मुलांना लागलं तर कोण, हे कोणी विचारलं नाही. तिची आई माझ्याकडं आली. "भाभी, तुम्ही शिकलेल्या आहात. पोरांच्यात खेळू देऊ, का मुलींच्या क्लासला घालू? तिचा बाप म्हणतो, आता बंदच करू."

मी बीए, तेही मराठी. क्रिकेटचं माझं ज्ञान वाचलेलं आणि ऐकलेलं. लहानपणी भोसरीच्या चाळीत मी भावांबरोबर खेळले ती फक्त फील्डिंग. बॅट माझ्या हाती यायच्या आत मगरीबची अजान व्हायची आणि अम्मीची हाक यायची. तरी मी तिला म्हटलं, बंद तर नाहीच करायचं. मुलींच्या संघात घाला, कारण निवड तिथून होते, जिल्हा-राज्य तिथून गाठता येतं. आणि मुलांमधून काढू नका, कारण वेगवान चेंडूची आणि जोरात मारणाऱ्यांची सवय तिथंच लागते. ती म्हणाली, "दोन्हीकडं? पैसे?" हा प्रश्न एमसीसीच्या नियमावलीत नाही. बसभाडं, बूट, लेदर बॉल, सगळं दुप्पट.

पैशावरून आठवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने पुरुष आणि महिला खेळाडूंचं सामन्याचं मानधन सारखं केलं : कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. गड्याची आणि बाईची मजुरी एक! आमच्या खेडच्या कांद्याच्या वावरात हे अजून व्हायचं आहे. जाहिरातींचा आणि लीगचा पैसा अजून विषमच आहे, पण वर्षानुवर्षांचा तो एक हिशेब तरी मोडला.

आणि पुरुषांच्या मैदानात बाई उतरलीही. बॅट घेऊन नव्हे, पंचाचा कोट घालून. जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकात पहिल्यांदा तीन महिला पंच उभ्या राहिल्या. त्यातल्या आपल्या नवी मुंबईच्या वृंदा राठी गोव्यात, पर्वरीच्या मैदानावर, गोवा विरुद्ध पुदुच्चेरी सामन्यात होत्या. अकरा अधिक दोन अशा तेरा पुरुषांमध्ये उभं राहून तिने बोट वर केलं, की गडी बाद. त्यावर अपील नाही. बाळूला मैदानावर घेतलं आणि पॅव्हेलियनबाहेर ठेवलं. इथं उलटं झालं, बाई आधी निकाल द्यायला आली, खेळायला अजून यायची आहे.

त्या मुलीच्या वडिलांनी अखेर होकार दिला, पण अट घातली : दहावीपर्यंत. ती सध्या तीन संध्याकाळी मुलांच्या नेटमध्ये जाते आणि शनिवारी मुलींच्या. पिशवीत दोन चेंडू असतात, एक जड, एक हलका. मी दोन्ही हातात घेऊन पाहिले. मला फरक कळला नाही. तिला डोळे मिटूनही कळतो. हलका चेंडू जास्त वळतो का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "वळतो, पण पोरं जड चेंडूवर जास्त फसतात, आन्टी. त्यांना वाटतं, पोरगी काय टाकणार."